दोन सुट्ट्यांमधलं अंतर

इक्बाल मस्कतहून आला तेव्हा त्याच्या बॅगा अजून जिन्यावरच होत्या, पण बातमी स्वयंपाकघरापर्यंत पोचली होती. जुन्या कंपनीचं काम संपलं होतं, नवीचा व्हिसा लागला होता आणि मधल्या फटीत त्याला पस्तीस दिवस मिळाले होते. नवी कंपनी पहिली दोन वर्षं सुट्टी देणार नव्हती.

"दोन वर्षं?" त्याची आई खैरुन्निसा दारातच थबकली. तिनं लेकाच्या गालांवरून हात फिरवले, कानशिलाशी बोटं मोडली आणि मग सुनेकडे बघितलं. "म्हणजे जे काय ते आता या पस्तीस दिवसांत."

सुरैय्या तव्यापाशी होती. तांदळाची भाकरी फुगत होती. तिनं ती फडक्यानं दाबली आणि दाबूनच धरली. करपल्याचा वास आला तेव्हा कुठे हात उचलला.

पनवेलच्या त्या मोहल्ल्यात पोरांची वयं विचारली की बापांच्या सुट्ट्या आपोआप कळत. अमका रमजानच्या सुट्टीचा, तमकी बहिणीच्या लग्नाच्या सुट्टीची. समोरच्या बिल्किस चाचीला चार पोरं, ती म्हणायची, "पाच झाली असती गो. एका वर्षी कंपनीनं सुट्टी कापली, तेवढं एक पोर कंपनीनं खाल्लं." बायका हसायच्या. सुरैय्याही हसत आली होती. गेल्या पाच महिन्यांपासून मात्र असलं काही ऐकलं की तिला उठून आत जावंसं वाटे.

पाच महिन्यांपूर्वी अमन गेला होता. अकरा दिवसांचा होऊन.

त्याच्या आधीची सिदरा. ती पूर्ण दिवसांची, चांगल्या वजनाची, जन्मल्या जन्मल्या अख्खा वॉर्ड डोक्यावर घेणारी. तिच्या वेळी हॉस्पिटलातल्या नर्सनं विचारलं होतं, "तांबी बसवायची का? आताच बसवून जा." सुरैय्याला हसू फुटलं होतं. "नवरा मस्कतला असतो, सिस्टर. भिंतीसाठी बसवू?" शेजारच्या खाटेवरची बाईसुद्धा हसली होती. मोहल्ल्यातल्या कुठल्याही बाईनं हेच उत्तर दिलं असतं. ज्याची सुट्टी वर्षभर लांब, त्याच्यासाठी आज कोण दवा घेतो?

पण इक्बालला लेकीला बघितल्यावाचून राहवेना. त्यानं एका सोबत्याशी सुट्टी बदलून घेतली आणि सिदरा तीन महिन्यांची असताना न सांगता दारात येऊन उभा राहिला. पोरीच्या जन्माचा अकीका झाला, बिर्याणीचे डेग चढले, सगळ्या गल्लीनं त्याचं कौतुक केलं. तो परत गेला आणि सुरैय्याला दिवस राहिले. सिदराचा पहिला वाढदिवस यायच्या आत अमन जन्मला, दीड महिना आधी, दोन तळव्यांत मावेल एवढा. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. इक्बालनं त्याला पाहिलं ते मोबाइलवर, पेटीच्या काचेतून, तेही फोन धरणाऱ्याचा हात हलत असताना.

त्यानंतर सुरैय्या उरण नाक्याजवळच्या डॉक्टर रंजिता म्हात्र्यांकडे जाऊ लागली. बाई मूळच्या सुकापूरच्या. वडिलांच्या भातशेतावर आता सात मजले उभे होते आणि बाईंच्या बोलण्यात अजून शेताचा रोखठोकपणा होता. त्यांनी रक्त तपासलं, गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं, "आता दीड वर्ष तरी पाळणा नको. दोन झाली तर उत्तम. एक बाळंतपण अंगातून जेवढं नेतं ना, ते भरून यायला तेवढा वेळ लागतोच. तुझं भरायच्या आत दुसरं आलं. तिसऱ्याच्या वेळी ती चूक करू नकोस." तांबी त्यांनीच नको म्हटलं. रक्त आधीच कमी, पाळीत आणखी जाईल. "सुई घे. एक सुई, तीन महिने."

"घरी विचारून सांगते," सुरैय्या म्हणाली होती.

घरी तिनं विचारलं नव्हतं. नवरा लांब होता, घाई नव्हती. तीच जुनी चूक, आणि ती करताना तिला ती जुनी वाटलीही नाही.

आता तो समोर बसून भाकरी खात होता, मांडीवर सिदराला घेऊन. सोळा महिन्यांची पोर, पण अंगानं वर्षाचीच दिसे. बापाला ओळखत नव्हती, तरी त्याच्या दाढीत बोटं घालून बसली होती. त्याचे डोळे मधेच भरून येत आणि तो पाणी प्यायचं निमित्त करी. त्याला थांबा म्हणायचं तर का ते सांगावं लागणार होतं. आणि का ते सांगायचं म्हणजे, तुम्ही मायेनं न सांगता आलात तिथून सगळं सुरू झालं, हे त्याच्या तोंडावर सांगणं होतं. त्यापेक्षा मुकाट्यानं दिवस राहू द्यावेत, असंही तिला एकदा वाटून गेलं. दुसऱ्याच क्षणी काचेची पेटी डोळ्यांपुढे आली.

सुदैवानं त्याच सकाळी तिला पाळी आली होती.

या घरात ती गोष्ट कुणी तोंडानं बोलत नसे. सून नमाजाच्या मुसल्ल्यावर दिसली नाही की सासूला कळे, पाळी आहे, नमाज माफ आहे. सासूला कळलं की घराला कळे. त्या दिवसांत नवरा-बायकोनं जवळ यायचं नसतं, आणि इक्बाल समजूतदार होता. तो दिवसभर सिदराला खांद्यावर घेऊन फिरे, बंद पडलेला पंखा उघडून बसे, बिल्किस चाचीचा फ्रिज फुकटात दुरुस्त करून देई.

पाळी सहाव्या दिवशी संपली. सुरैय्यानं न्हाऊन मुसल्ला अंथरायला हवा होता. तिनं अंथरला नाही. खोटं असं ती एक अक्षर बोलली नाही. फक्त अजान झाली की उठली नाही. सातव्या दिवशी नाही, आठव्या दिवशी नाही. अजान संपून बाहेर गल्लीतला गलका पुन्हा सुरू झाला की ती निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायला घेई. आपण कुणाला फसवतो आहोत, हे तिला पक्कं ठाऊक होतं आणि तरी तिचे पाय हलत नव्हते.

एका दुपारी इक्बाल खोलीत आला. सिदरा झोपली होती. तो पलंगाच्या काठावर बसला.

"एक विचारू? रागावू नकोस."

"विचारा ना."

"डॉक्टरांनी नक्की काय सांगितलं होतं? अमनचं."

"कमी दिवसांचा होता. छातीत ताकद नव्हती."

"ते मला फोनवर सांगितलंस. पण कमी दिवसांचा का झाला?" त्यानं हातातला पेचकस फिरवला. "एसी बंद पडला की मी उघडतो. गॅस गेला असेल, कॉइल जळली असेल, काहीतरी असतंच. उगाच बंद पडलेला एसी मी आजवर पाहिला नाही."

सुरैय्याच्या जिभेवर सगळं आलं. पण तिला त्याचे हात दिसले. विमानतळावरून आल्यावर बॅगेतून सगळ्यात आधी त्याच हातांनी पोरीसाठी छोट्या चपला काढल्या होत्या.

"अल्लाची मर्जी," ती म्हणाली.

"हं." तो उठला. "सगळे तेच म्हणतात. तूसुद्धा म्हणशील असं वाटलं नव्हतं."

बाराव्या दिवशी सकाळी खैरुन्निसानं तिला मोरीपाशी गाठलं. आवाज अगदी खाली आणून म्हणाली, "अजून बंद नाय?"

सुरैय्यानं मान हलवली. हो की नाही, तिलाच कळलं नाही.

"आपल्यात पंधरा दिवसांच्या वर नमाजाला माफी नाय, ठाऊक हाय ना? त्याच्या पुढे ती बीमारी. पण पंधराची वाट कशाला बघायची? बाळंतपणाला पुरते सहा महिने नाय झाले. रंग बघ तुझा, हळदीचं पाणी झालाय. आज संध्याकाळी डॉक्टरणीकडे चल. मी पण येते, आणि इक्बाल पण येईल."

"अम्मी, एवढं काही नाही..."

"गप. पोराची बाय मेली तर मी काय दुसरी शोधत फिरू या वयात?" ती म्हणाली आणि मोरीतली बादली स्वतःच उचलून घेऊन गेली. तिची माया अशीच येत असे, शिव्यांची ओढणी घेऊन.

संध्याकाळी दवाखान्यात गर्दी होती. इक्बाल सिदराला घेऊन बाहेर बाकावर बसला. खैरुन्निसा आत आली आणि खुर्ची मिळायच्या आधीच बोलायला लागली. "बारा दिवस झाले बाई, थांबत नाय."

डॉक्टरांनी सुरैय्याची खालची पापणी ओढून पाहिली, नाडी पाहिली, आणि तिला पडद्यामागे नेलं. मिनिटभरानं हलक्या आवाजात विचारलं, "सुरैय्या, कुठं आहे ब्लीडिंग?"

"नाही, बाई."

"मग?"

"ते आलेत घरी."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी हातमोजे काढून टाकले. "मागच्या वेळी काय सांगितलं होतं ते बोलली नाहीस त्यांना?"

"तेवढंच सांगता येत नाही ना. सगळं सांगावं लागेल."

"मी सांगू?"

सुरैय्या छताकडे बघत पडून राहिली. पलीकडून सासूची जपमाळ सरकताना ऐकू येत होती. डॉक्टरांनी सांगितलं तर सोपं जाईल. मग इक्बालला ते एका परक्या बाईच्या तोंडून कळेल, आणि आपली बायको पाच महिने हे पोटात ठेवून होती हेही कळेल.

"मीच सांगते," ती उठून बसली. "मी चुकले तर तुम्ही दुरुस्त करा."

इक्बालला आत बोलावलं. सिदराला नर्सपाशी ठेवून तो घाबराघुबरा आला. त्याला वाटलं काहीतरी मोठं निघालं. सुरैय्या टेबलाच्या कोपऱ्याकडे बघत बोलायला लागली. पाळी सहाव्या दिवशीच थांबली, हे आधी सांगितलं. खैरुन्निसाची जपमाळ तिथल्या तिथे थांबली.

"सिदराच्या वेळी अंगातलं रक्त गेलं होतं ते भरलं नव्हतं," सुरैय्या म्हणाली. "तेवढ्यात अमन राहिला. वर्षाचंही अंतर नव्हतं. म्हणून तो आधी आला आणि बारीक आला. आता परत इतक्यात राहिलं तर परत तसंच होईल, असं बाई म्हणतात. म्हणून मी... म्हणून मी नमाजला उठले नाही."

"होईलच असं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "होण्याची भीती जास्त."

इक्बालनं डॉक्टरांकडे पाहिलं. मग म्हणाला, "म्हणजे मी आलो म्हणून."

"तसं नका घेऊ."

"मग कसं घेऊ, मॅडम? मी सुट्टी बदलून आलो. माझा नंबर नव्हता तो. मी आलो नसतो तर तो वाचला असता?"

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मला शंभर बाळांचं सांगता येतं, एकाचं नाही. दोन बाळंतपणांत वर्षभराचंसुद्धा अंतर नसलं की वेळेआधी येणारी, कमी वजनाची, दगावणारी बाळं जास्त असतात. हे पक्कं आहे. आणि तरी त्यातलीही बहुतेक जगतात. अमन का जगला नाही, अंतर पुरेसं असतं तर जगलाच असता का, हे मीच काय, कुणीच सांगू शकणार नाही."

"पण कारण असतंच ना."

"कारणं असतात. बरीच असतात. एकावर बोट ठेवता येत नाही."

इक्बालनं मान हलवली, पण ती समजल्याची नव्हती. बोट ठेवता येत नाही असं काम त्यानं कधी केलंच नव्हतं.

एवढ्यात खैरुन्निसाला वाचा फुटली. "असं कसं? पाजणाऱ्या बायला दिवस जात नाय. माझी पाच पोरं, पाचही जिवंत. एकेकाला पुरी दोन वर्षं पाजलं मी."

"पाजत असेल तर," डॉक्टर म्हणाल्या. "तेही फक्त अंगावरचं, दिवसरात्र, पहिले सहा महिने, आणि पाळी परत आली नसेल तोवरच भरवसा. ही सिदराला पाजत होती का?"

बाहेर नर्सनं कुणाचं तरी नाव पुकारलं.

"डबा होता," शेवटी सुरैय्या म्हणाली.

दुधाच्या पावडरचे ते मोठे डबे इक्बालनं मस्कतहून येणाऱ्याजाणाऱ्याच्या हाती पाठवले होते, एकामागून एक. तिकडची चीज. खैरुन्निसानं ते दिवाणखान्याच्या कपाटात पाहुण्यांना दिसतील असे लावले होते. दुसऱ्या महिन्यातच सिदरा बाटलीला लागली, सुरैय्याचं दूध आटलं, आणि सगळ्यांना वाटलं की पोरीचं नशीब थोर.

इक्बालनं दोन्ही हात गुडघ्यांवर उपडे ठेवले. "डबेसुद्धा मीच पाठवलेले," तो म्हणाला.

सुईचं काय, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिघंही उठून उभी राहिली होती.

घरात शिरल्यावर खैरुन्निसानं बुरखा खुंटीला लावला आणि सुनेसमोर येऊन उभी राहिली.

"खोटं बोलायचं तर माझ्याशी बोलायचं होतंस. त्याच्याशी कशाला?" तिनं बोट वर आभाळाकडे केलं.

"तुमच्यापेक्षा तो लवकर माफ करेल असं वाटलं," सुरैय्या म्हणाली. बोलल्यावर तिला स्वतःचीच भीती वाटली. पण सासू ओरडली नाही. ती पलंगावर बसली आणि पाय चोळायला लागली.

"अम्मी," इक्बाल दाराला टेकून उभा होता. "अब्बा किती वर्षांनी यायचे?"

"तुला काय करायचंय?"

"सांग ना."

"जहाजावर होता तो. जहाज मुंबईला लागेल तेव्हा यायचा. दोन वर्षं, कधी अडीच. तुझ्या वेळी तर चार." ती बोलता बोलता थांबली. मुलाच्या चेहऱ्याकडे तिनं बघितलं, मग सुनेच्या. तिच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. बाई हिशेबाला कच्ची नव्हती. "असं होय. म्हणजे तुमचं म्हणणं, माझी पाच पोरं मी नाय वाचवली. जहाजानं वाचवली."

"कुणी तसं म्हटलं नाही, अम्मी."

"डोळ्यांनी म्हणताय की!" तिचा आवाज चिरकला. "तुमाला ठाऊक हाय का मी किती रडायची? ईद यायची, शेजारणीचा नवरा घरी, नि माझा कुठे समुद्रात. तुझ्या थोरल्या बहिणीनं पहिलं पाऊल टाकलं तेव्हा मी चुलीपुढे बसून रडले, बघायला कुणी नाय म्हणून. चार-चार वर्षं मी देवाला विचारलंय, मीच का? आणि आज ती डॉक्टरीण, कालची पोरगी, मला सांगते की तेच बरं होतं!"

सुरैय्या खाली तिच्या पायांशी बसली. "पाजलंत तुम्ही. सांभाळलंत तुम्ही. ते काय जहाजानं केलं?"

"उगाच गोड बोलू नकोस."

"गोड नाही बोलत."

"मग गप बस." खैरुन्निसानं पाय आखडून घेतले आणि भिंतीकडे तोंड केलं. आयुष्यभर ती पाच या आकड्यावर ताठ उभी होती. बारशाच्या, अकीक्याच्या बायका तिच्या हातून पोराला मधाचं पहिलं बोट चाटवून घेत, हात गुणाचा म्हणून. आता त्या हाताकडे ती स्वतःच बघत होती, परक्याचा असल्यासारखा.

दुसऱ्या दिवसापासून इक्बाल पुढच्या खोलीत झोपायला लागला. सिदराला घेई, पण आधीसारखं छातीशी धरत नसे. मांडीवर बसवून तिच्याकडे बघत राही, जणू ही कशी काय टिकली याचं कोडं सोडवत होता. डब्यांचं रिकामं कपाट त्यानं सबंध पुसून काढलं. बिल्किस चाची दारातून म्हणाली, "काय रे, सुट्टीत पण साफसफाई? बायको कशाला केलीस?" नेहमी तो तिला तोडीस तोड उत्तर द्यायचा. आता नुसता हसल्यासारखा चेहरा करून आत गेला.

तिसऱ्या दिवशी दुपारी सुरैय्यानं त्याला गॅलरीत फोनवर बोलताना ऐकलं. तो ट्रॅव्हलवाल्याला विचारत होता, या आठवड्यात मस्कतची एखादी सीट आहे का. कंपनीच्या खोलीत आधी जाऊन राहीन, पगार नाही मिळाला तरी चालेल. समोरच्यानं बघून सांगतो म्हटलं असावं.

त्यानं फोन ठेवला तेव्हा ती मागेच उभी होती.

"पळून चाललात?"

"तुला पाहिजे तेच करतोय." तो कठड्याकडे वळला. खाली मच्छीवाली ओरडत जात होती. "मी इथे राहिलो की काहीतरी बिघडणार. दोन वर्षं लांब गेलो की तुझं रक्त भरेल, सिदरा मोठी होईल. बाईंनी हेच सांगितलं ना? अम्मीचंही असंच झालं."

"बाईंनी हे नाही सांगितलं."

"मग काय सांगितलं?"

सुरैय्याला वाटलं होतं की खरी अवघड गोष्ट दवाखान्यात सांगून झाली. आता कळलं की ती अजून राहिलीच होती.

"तुमच्या अम्मीनं तशी वर्षं काढली, कारण तिच्याकडे दुसरं काही नव्हतं. माणूस लांब, म्हणून पोरं लांब. आपल्या गल्लीत सगळ्यांचं असंच चाललंय. मला तसं नाही करायचं. मला इतक्यात मूल नको. तुम्ही नको असं मी कधी म्हटलं? बारा दिवस मी तुमच्यापासून पळत होते तेव्हासुद्धा म्हटलं नाही. एक सुई आहे. तीन महिने पुरते. ती घेतली की पहिले सात दिवस सांभाळायचं, मग नाही. तुमचे एकवीस दिवस उरलेत. मला ते पाहिजेत."

तो तिच्याकडे बघत राहिला. ती असं कधी बोलली नव्हती; लग्नाला चार वर्षं झाली होती, आणि त्यांतले एकत्र महिने मोजले तर पाचही भरले नसते.

"मला भीती वाटते, सुरैय्या," तो म्हणाला. "तुला हात लावायची. तिला लावायची पण. मी प्रेमानं जे जे केलं ना, त्यानं त्यानंच..."

"मला पण वाटते."

"मग?"

"मग काय? मला पण वाटते, एवढंच."

फोन वाजला. पडद्यावर ट्रॅव्हलवाल्याचं नाव होतं. तो वाजून वाजून थांबला, पुन्हा वाजला. इक्बालनं तो उचलला नाही आणि बंदही केला नाही. दोघंही त्याच्याकडे बघत उभी राहिली, थांबेपर्यंत.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज करून इक्बाल परत आला आणि चप्पल न काढताच दारात उभा राहिला. "कबर कुठे आहे त्याची?" त्यानं विचारलं. येऊन सोळा दिवस झाले तरी तो तिकडे फिरकला नव्हता, आणि कुणी त्याला त्याबद्दल टोकलंही नव्हतं. "कुठल्या बाजूला?"

"मागच्या भिंतीकडे, असं दफन करून आल्यावर माझ्या मामूंनी सांगितलेलं. मी पाहिली नाही," सुरैय्या म्हणाली. बायका कब्रस्तानात जात नसत. "फाटकापर्यंत मी येते. आणि तिथून पुढे..."

"पुढे कुठे?"

ती उत्तर देणार तोच आतून खैरुन्निसाचा आवाज आला. चार दिवस ती कामापुरतंच बोलली होती. "सिदराला ठेवून जा माझ्याकडे. डॉक्टरणीकडे वेळ लागतो. उन्हातान्हात पोर कशाला नाचवताय?"

सुरैय्यानं पोर तिच्या मांडीवर दिली. सासूनं वर बघितलं नाही. "भात लावून ठेवते," एवढंच म्हणाली.

कब्रस्तानच्या फाटकाशी रिक्षा थांबवून सुरैय्या आतच बसून राहिली. इक्बाल डोक्यावर रुमाल बांधून आत गेला. भिंतीच्या वरून फक्त झाडांचे शेंडे दिसत होते. रिक्षावाल्यानं पाठ खाजवली, फोन पाहिला, मीटरकडे पाहिलं. आत इतका वेळ काय चाललं असेल याचा ती विचार करत राहिली. फातिहाची दुआ तर केव्हाच पढून झाली असेल.

तो आला तेव्हा त्याचे गुडघे मातीनं भरले होते. रिक्षात बसला आणि समोर बघत म्हणाला, "कुठली ती कळलं नाही. भिंतीकडे लहान लहान बऱ्याच आहेत."

सुरैय्यानं त्याच्या गुडघ्यांवरच्या मातीकडे पाहिलं.

"मी सगळ्यांपाशी बसलो," तो म्हणाला.

रिक्षावाल्यानं आरशातून विचारलं, कुठे घेऊ. सुरैय्यानं उरण नाका सांगितलं. वळण घेताना रिक्षा एका बाजूला कलली तेव्हा इक्बालचा खांदा तिच्या खांद्याला टेकला. तो त्यानं मागे घेतला नाही, पण त्याचा हात मात्र मांडीवर मुठीत मिटलेला होता, आणि दवाखाना येईपर्यंत तसाच राहिला.